साडेपाचचं पहिलं घर

डोंबिवलीच्या इतिहासाच्या गप्पा निघाल्या की काही गोष्टी हमखास येतात. १९२४ साली स्थापन झालेलं गणेश मंदिर, पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांचं इथलं वास्तव्य, १९९९च्या गुढीपाडव्याला इथे सुरू झालेली आणि मग गावोगावी पोचलेली नववर्ष स्वागतयात्रा, २०१७चं नव्वदावं साहित्य संमेलन, फडके रोडवरची दिवाळी पहाट. या सगळ्याचा मला मनापासून अभिमान आहे. माझा जन्म इथला, शाळा इथली, संसारही इथलाच. पण ज्या वर्षांत हे गाव फुगत गेलं, त्या वर्षांत घरोघरचे डबे सकाळी सातच्या आत कोण भरत होतं, हे त्या गप्पांत कधीच येत नाही. लोकलने डोंबिवली घडवली, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच सांगणं वाटतं. लोकल पकडायला निघालेल्यांच्या घरात, त्यांच्या ओट्याशी, ज्या बायका उभ्या राहिल्या त्यांनी उरलेलं अर्धं शहर उभं केलं.

आगगाडी १८५३ला ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आली, तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. आयरे, पाथर्ली, चोळे, नांदिवली, मोठागाव ही आगरी लोकांची गावं. आज ती रस्त्यांच्या आणि रिक्षास्टँडच्या नावांत उरली आहेत. स्वातंत्र्यानंतर मुंबईत भाड्याची घरं बांधणं मालकांना परवडेना; १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर जुन्या चाळींतली भाडी गोठली आणि नव्या खोल्यांना पागडी मागायला सुरुवात झाली. गिरगाव-दादर-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार मावेनासे झाले की धाकटा भाऊ डोंबिवलीत जागा बघायला यायचा. आमचे वडील असेच आले. साठच्या दशकात एमआयडीसी आली, १९८३ला कल्याणसह महापालिका झाली, आणि २०११च्या जनगणनेत दोन्ही मिळून साडेबारा लाखांच्या आसपास माणसं मोजली गेली.

हे आकडे पुस्तकांत मिळतात. त्यांच्या मागचं घरातलं गणित मिळत नाही. स्वतःची जागा घ्यायची तर कर्ज, आणि एका पगारात कर्ज फिटत नाही, म्हणून बाईने नोकरी करायची. आमच्या इमारतीतल्या जवळजवळ सगळ्या आया नोकरीला होत्या. कुणी एलआयसीत, कुणी मंत्रालयात, कुणी टेलिफोनमध्ये, माझी आई फोर्टातल्या एका बँकेत. डोंबिवली ते व्हीटी सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर. सव्वानऊ-साडेनऊला मस्टरवर सही करायची तर घर सातच्या पुढे-मागे सोडायचं. आणि सासूबाई गावी. मग पोळ्या कोण करणार?

आमच्याकडे मावशी आल्या त्या गिरणी संपानंतर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. मावशींचे यजमान लालबागच्या एका गिरणीत साचेवाले. गाव पोलादपूरकडचं. वर्षभर वाट पाहिली, थोडे दिवस गावी काढले, आणि मग आयरे गावातल्या एका बैठ्या चाळीत खोली घेऊन सगळे इथे आले. संपाने गिरणगावाचं काय झालं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तिथली हातातली कला कुठे गेली, हे मात्र फारसं कुणी लिहिलेलं मला आढळत नाही. कारण मावशी काही नवशिक्या नव्हत्या. लालबागला त्या खानावळ चालवायच्या.

तिथली खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. गावी बायकामुलं ठेवून आलेले गिरणीकामगार एकेका घरी महिन्याच्या बोलीवर जेवायला असत. पाळीप्रमाणे येणार, पगार झाला की पैसे देणार. त्या दहा बाय बाराच्या खोलीतच घरच्या बाईने पंधरा-वीस जणांचं दोन वेळचं रांधायचं. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत त्या बायका पिचून जात. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. कारखान्याइतकीच मेहनत घरातल्या चुलीपाशी होते आहे आणि तिलाही भांडवल लागतं, हे बँकेला पटवणं त्या काळात फार मोठं काम होतं. माझ्या मते मुंबईच्या कामगार इतिहासातल्या पहिल्या पाच गोष्टींत ते यायला हवं. संपाने जेवणारे पांगले, तशा जेवू घालणाऱ्याही पांगल्या. त्यातल्या किती तरी जणी रुळांच्या कडेकडेने इकडे, ठाण्यापलीकडे आल्या. ज्या बाईने वीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या तिला चौघांच्या पोळ्या म्हणजे काय? मावशी पहिल्या दिवशी आईला म्हणाल्या होत्या, “वहिनी, तुम्ही फक्त सांगा गाडी कितीची, बाकी माझ्यावर सोडा.”

गाडी कितीची! सगळ्या व्यवहाराची नाडी तीच होती. मावशींची घरं लांब-जवळ अशी लागलेली नव्हती, ती लोकलच्या वेळांप्रमाणे लागलेली होती. ज्या घरातली माणसं सगळ्यात आधी निघणार ते साडेपाचचं पहिलं घर. त्यानंतर आमचं. मग शाळेच्या मुलांचं, आणि शेवटी, आरामात, निवृत्त जोडप्याचं, जिथे चहाही मिळे आणि बूड टेकायलाही मिळे. टिळकनगरातून रामनगरात आणि तिथून परत मानपाडा रोडला, असा उलटसुलट फेरा पडला तरी चालेल, पण वेळ चुकता कामा नये. मध्य रेल्वेचं वेळापत्रक बदललं की आमच्या जिन्यावर मावशींच्या चपला वाजण्याची वेळ बदले.

दर ठरायचा तो माणशी किंवा पोळ्यांच्या संख्येवर. नुसत्या पोळ्या, पोळी-भाजी, की वरण-भातासकट सगळा स्वयंपाक, यावर आकडा वेगळा. भाजी आदल्या रात्री निवडून ठेवलेली असेल तर थोडा कमी. महिन्याला दोन खाडे धरायचे, दिवाळीला एक पगार जादा. कागद कुठेही नाही, सगळं तोंडी. पाहुणे आले की गणित कोलमडायचं, आणि त्या जादा पोळ्यांचे पैसे मागायला मावशी संकोचत; आई ते आठवणीने वेगळे काढून ठेवी. सगळ्या घरांत ठेवत होते असं नाही.

लहानपणी मी ओट्याशेजारी स्टुलावर बसून अभ्यास करायचे, त्यामुळे त्यांचे हात मला पाठ आहेत. आल्या आल्या पहिलं काम कणीक भिजवायची. ती मुरते तोवर भाजी चिरून फोडणीला. मग उंडा घेऊन पुरीएवढा लाटायचा, त्यावर तेलाचं बोट फिरवायचं, चिमूटभर पिठी भुरभुरायची, अर्धी घडी, पुन्हा तेल, पुन्हा पिठी, पुन्हा घडी. तो त्रिकोण लाटताना जोर कडांना, मधे हात हलका. तव्यावर पहिली बाजू जेमतेम सुकली की उलटायची, दुसरी नीट शेकायची, परत उलटली की पोळी टम्म फुगे. उतरवली की दोन्ही तळव्यांत धरून हलकेच चुरगाळायची, म्हणजे पदर सुटे होतात. आणि मग सर्वांत महत्त्वाचं: ती लगेच डब्यात घालायची नाही. ओट्यावर धुतलेलं फडकं पसरून त्यावर एकेक पोळी निवत ठेवायची. गरम पोळी डब्यात गेली की स्वतःच्या वाफेने भिजते, आणि दुपारी दीड वाजता फोर्टात डबा उघडेपर्यंत चामट होते.

हे मला मोठेपणी लख्ख कळलं, की मावशी करत होत्या तो स्वयंपाक घरात खायचा नव्हताच. तो सात तासांनंतर, अठ्ठेचाळीस किलोमीटरवर, ऑफिसच्या टेबलावर उघडायचा होता. सगळे निर्णय त्या हिशेबाने होत. भाजी कोरडी, कारण गर्दीत पिशवी आडवी होणार. बटाट्याच्या काचऱ्या, परतलेली भेंडी, पीठ पेरलेली सिमला मिरची, वाफवलेली कोबी, गवारीला कूट लावून दाटपणा. उसळ असली तर रस आटवलेली. पावसाळ्यात ओलं खोबरं डब्याच्या भाजीत नाही, आंबतं. कणकेत तेलाचं मोहन जरा जास्त, थंड पोळी दाताखाली तुटावी म्हणून. अख्ख्या डोंबिवलीत एक खास डब्याची पाककला घडत होती, आणि तिची शाळा या बायकांच्या हातांत होती. आपल्याकडे कोकणस्थी, सीकेपी, मालवणी अशा पद्धतींची नावं घेतली जातात. उपनगरी डब्याची ही पद्धत तितकीच खरी आहे.

शिवाय या बायका घराघरांतून चव वाहून नेत. आमच्या इमारतीत गिरगावातून आलेले होते, पाचकळशी होते, कायस्थ होते, सारस्वत होते, दोन तमिळ कुटुंबं होती, नंतर खानदेशातले आले. कायस्थांकडे वालाचं बिरडं करायचं असलं की मावशी खुलत. वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकून सोलायचे. पोलादपूरच्या बाईला वाल नवे नव्हतेच, त्यामुळे डाळिंब्या अखंड राहून शिजवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. सारस्वत काकूंनी बांगड्याच्या आमटीत तिरफळं कधी घालायची ते शिकवलं. तमिळ मामींकडून त्या सांबाराचा मसाला भाजून वाटायला शिकल्या, आणि मामींच्या घरी महिन्यातून एकदा गोडा मसाला घातलेली, आमसूल-गुळाची आमटी व्हायला लागली. जिना एक, पण दारामागच्या माणसांचं एकमेकांच्या घरी जेवणं फार नव्हतं. एका घरची चव दुसऱ्या घरी पोचली ती मावशींबरोबर. कोण कुठून आलं, कुणाकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद, कुणाकडे श्राद्धाला सोवळ्यातल्याच काकू लागतात, कुणाच्या सुनेने तो नियम मोडला, हे सगळं त्यांना ठाऊक. या शहराच्या वस्तीचा असा तपशीलवार वृत्तांत कुठल्या ग्रंथालयात मिळेल?

शहर बदललेलंही त्यांना ओट्यावरून कळे. त्या सन सांगत नाहीत. “वातीचा स्टो होता तेव्हा” म्हणजे रेशनच्या रॉकेलच्या रांगेचा काळ. मग सिलिंडर, आणि त्याचा नंबर लागण्याची वाट. “पाणी रात्री दोनला यायचं तेव्हा” म्हणजे पिंपात साठवलेल्या पाण्यावर स्वयंपाक करायचे दिवस, भाजी धुतलेलं पाणी कुंडीत ओतायचे दिवस. “मिक्सर असून पाटा काढायचो तेव्हा” म्हणजे दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचं भारनियमन.

आणि २६ जुलै. २००५चा तो मंगळवार. तोवर मीही नोकरीला लागले होते, माझा मुलगा पाळणाघरातून संध्याकाळी घरी यायचा आणि त्या वेळी मावशी रात्रीच्या स्वयंपाकाला आलेल्या असत. दुपारनंतर गाड्या थांबल्या. मी दादरला ऑफिसातच अडकले. फोन लागत नव्हते. खिडकीतून खालचा रस्ता दिसेनासा झाला तसा माझा धीर सुटत गेला. नवरा पुण्याला, आई भावाकडे. मुलगा पाच वर्षांचा. दुसऱ्या दिवशी चालत, मिळेल त्या वाहनाने, परत चालत मी संध्याकाळी घरी पोचले तर आमच्या दिवाणखान्यात सहा-सात मुलं गोलाकार बसून मऊ खिचडी खात होती. इमारतीतल्या ज्या ज्या घरांतल्या आया अडकल्या होत्या त्यांची सगळी मुलं मावशींनी आदल्या संध्याकाळी एकेका दारातून गोळा केली होती. दिवे नव्हते. गॅस होता, तांदूळ होते, डाळ होती. रात्री सतरंज्या टाकून त्यांना झोपवलं आणि स्वतः दाराशी बसून राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलेलं होतं, ते त्यांनी मला दोन दिवसांनी सांगितलं.

त्या दिवसाच्या बातम्या, अहवाल, पावसाचा आकडा (सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर) सगळं नोंदलेलं आहे. ती खिचडी मी इथे नोंदवते आहे.

नव्वदच्या दशकापासून पोळीभाजी केंद्रं वाढली, आज ती डोंबिवलीची ओळखच झाली आहेत. त्यांचं गिऱ्हाईक पुन्हा लोकलचंच. संध्याकाळी सातनंतर गाडी रिकामी होते, लोंढा स्टेशनबाहेर पडतो, आणि घरी जाताजाता मोजून पोळ्या, पावशेर भाजी, आमटीची पिशवी घेतली जाते. गणपतीत उकडीचे मोदक, होळीला पुरणपोळ्या, संक्रांतीला गुळाच्या पोळ्या, सगळ्याची वही आठवडाभर आधी भरते. गुढीपाडव्याला फडके रोडवर नऊवारीतल्या बायकांचे घोळके निघतात तेव्हा त्या केंद्रांच्या मागच्या खोलीत मध्यरात्रीपासून पुरण वाटलेलं असतं. दोन्ही डोंबिवलीच आहेत. स्वागतयात्रेत एक चित्ररथ या बायकांचा असावा, असं मला दर वर्षी वाटतं, आणि तो सजवायला मी आनंदाने जाईन.

सरकारदरबारी त्यांची दखल उशिरा घेतली गेली. महाराष्ट्राने २००८मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. घराघरांत राबणारी बाई कामगार आहे हे कायद्याच्या पुस्तकात आलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आपल्या घरात ते पोचायला वेळ लागतो आहे. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि सोसायट्यांची फाटकं बंद झाली, तेव्हा कोणत्या घरांनी त्या महिन्यांचा पगार दिला आणि कोणत्या घरांनी नाही, हे प्रत्येकाला आपापलं माहीत आहे. काम न करता पैसे कसे द्यायचे, असा प्रश्न मी सुशिक्षित तोंडून ऐकला. आपल्या कंपनीने घरी बसल्या पगार दिला, तो घेताना त्यांना हा प्रश्न पडला नव्हता. मला त्याचा राग आला होता आणि अजून येतो.

मावशींनी त्याच वर्षी काम थांबवलं. गुडघे गेले होते. आता त्यांची सून हा व्यवसाय करते, आणि तो व्यवसाय आहे असं ठणकावून सांगते. टाळेबंदीत तिने करोना झालेल्या घरांच्या दाराशी डबे पोचवले. तिथून तिचं नाव झालं. आज कल्याण-शीळ रस्त्यावर पलावाकडे आणि आसपासच्या उंच इमारतींत तिला बोलावणी येतात. तिथली तरुण जोडपी अर्धा आठवडा घरून काम करतात, त्यामुळे साडेपाचचं घर तिच्या यादीत नाही. तिचं पहिलं घर साडेआठला. डब्याची कोरडी भाजी नको, ताटातलं गरम जेवण हवं. शनिवार-रविवारी कुणाकडे डोहाळजेवण, कुणाकडे केळवण, कुणाकडे नुसतेच मित्र. ती ‘पर्सनल शेफ’ म्हणून जाते. मेनू आधी फोनवर, सामानाची यादी त्यांना पाठवलेली, अर्धे पैसे आगाऊ, पाहुणे वाढले तर माणशी जादा दर, आणि स्वयंपाकानंतरची भांडी तिने घासायची नाहीत. हे सगळं लेखी, मोबाइलवर. सासूने जे तोंडी सोसलं ते सुनेने लिहून घ्यायला सुरुवात केली, हा मला डोंबिवलीच्या इतिहासातला नवा टप्पा वाटतो. स्वतःची कढई आणि लाटणं ती बरोबर नेते. परक्या लाटण्यावर हात बसत नाही म्हणते.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. चाळ पाडून तिथे इमारत झाली आहे; तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. सुनेला वीस माणसांच्या साखरपुड्याची ऑर्डर आली होती. पदार्थ तिला सगळे येत होते, पण एवढ्या माणसांचा अंदाज तिला सासूकडूनच हवा होता. मावशी खाटेवर पाय लांब करून सांगत होत्या, ती फोनवर टिपून घेत होती. माणशी तीन पोळ्या धर, किलोला तीस-पस्तीस होतात, म्हणजे कणीक दोन किलो. वरणाला तूरडाळ पाऊण किलो. बटाटे अडीच किलो, शिजवून सोलून ठेव, फोडणी तिथे जाऊन दे. तांदूळ दीड किलो.

“मुलाकडची माणसं कुठली गो?” मावशींनी मधेच विचारलं.

“चिपळूणची.”

“मग तांदूळ दोन किलो घे आणि पोळ्या कमी कर.”